इंटर्न डॉक्टरांना रुग्णाला समजेल असे बोलायला नेमके कसे शिकवावे?

प्रश्न : तापीकाठ

मी खानदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात शिकवतो आणि दरवर्षी इंटर्नच्या तुकड्या माझ्या वॉर्डात काम करून जातात. गेल्या महिन्यातील एका प्रसंगामुळे हा प्रश्न येथे मांडत आहे. चोपडा तालुक्यातून आलेल्या, मधुमेहाचे उपचार चालू असलेल्या एका पन्नाशीच्या बाईंना आमच्या इंटर्नने सांगितले की, उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला या. बाई दुसऱ्या दिवशी अगदी वेळेवर आल्या, रक्त दिले, आणि साखर दोनशेच्या बरीच वर निघाली. डोस वाढवण्याची चिठ्ठी लिहून झाली होती, तेवढ्यात सिस्टरांनी सहज विचारले, "सकाळपासून काय खाल्लं?" बाई म्हणाल्या, "उपास सांगितला होता ना, म्हणून फक्त भगर खाल्ली."

तो डोस वाढला असता आणि दुसऱ्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे न्याहारी न करता कापूस वेचायला गेल्या असत्या, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि भोवळ येऊन त्या शेतातच पडल्या असत्या. हे टळले ते केवळ सिस्टरांमुळे. इंटर्न निष्काळजी नव्हता, हे मला आवर्जून सांगायचे आहे. त्याने शांतपणे सांगितले होते, शेवटी "समजलं ना?" असेही विचारले होते, आणि बाईंनी "हो" म्हटले होते.

आपल्या अभ्यासक्रमात या विषयाला जागा नाही असेही नाही. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद या विषयांची पुस्तिका २०१८ मध्ये आली आणि २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाबरोबर ती एमबीबीएसच्या सर्व टप्प्यांत शिकवली जाऊ लागली. मुले तिच्यावर चांगली उत्तरे लिहितात, लॉगबुकवर सह्या होतात. वर्गात शिकलेले ते वॉर्डात उतरत मात्र नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागली आहे. हा इंटर्न अमळनेर तालुक्यातील आहे. संध्याकाळी जिन्यात उभा राहून तो घरी फोनवर बोलत होता, "माय, जेवनी का तू?" इतकी मोकळी, मायेची अहिराणी त्याच्या तोंडी आहे, पण अहिराणीच बोलणाऱ्या रुग्णासमोर तो पुस्तकी मराठीत बोलतो, आणि त्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात. तेव्हा माझे विचारणे असे की, वॉर्डात प्रत्यक्ष काम चालू असताना हे कौशल्य कसे शिकवावे, कोणी शिकवावे, आणि बोलीचा वापर आपण मुलांना उघडपणे शिकवावा काय? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : सातपुड्यातील परिचारिका

सर, मी नंदुरबार जिल्ह्यात बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. तुमच्या सिस्टरांनी जे सहज विचारले, तेच शिकवायला हवे. "समजलं ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते, कारण डॉक्टरसाहेबांसमोर "नाही समजलं" म्हणणे हा साहेबांचा अपमान झाला असे माणसाला वाटते, आणि आपले अडाणीपण उघडे पडेल ही भीती वेगळीच. म्हणून तो प्रश्न वॉर्डातून काढून टाकावा आणि त्याऐवजी रुग्णाकडून परत सांगून घ्यावे.

मात्र "सांगा बरं, मी काय म्हणालो?" असे विचारले तर ती शाळेतली उलटतपासणी होते आणि म्हातारी माणसे मान खाली घालतात. मी नव्या मुलांना असे म्हणायला शिकवते : "आजी, मी घाईत सांगितलं, काही राहून गेलं असेल. घरी सूनबाई विचारेल की डॉक्टर काय म्हणाले, तर तिला काय सांगाल?" यात चूक झालीच तर ती सांगणाऱ्याची ठरते आणि आजी मोकळेपणाने बोलतात. जे चुकले तेवढेच पुन्हा सांगायचे आणि पुन्हा ऐकून घ्यायचे. एका वेळी दोन-तीन गोष्टींपेक्षा जास्त सांगू नयेत. गोळीचे नाव सांगण्यापेक्षा गोळी तळहातावर ठेवून दाखवावी. "दिवसातून दोनदा" असे न म्हणता ती कोणत्या भाकरीबरोबर घ्यायची ते सांगावे. त्याआधी ते माणूस भाकरी कधी खाते ते विचारावे, कारण मजुरीला जाणाऱ्या बाईची पहिली भाकरी अकरा वाजता बांधावर असते.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या भागात तर मराठीच दुसरी भाषा आहे. तेथे पावरी आणि भिलीच्या वेगवेगळ्या बोली चालतात, म्हणून मध्ये कोणीतरी दुभाषा लागतो, आणि बहुतेक वेळा तो दुभाषा म्हणजे रुग्णाचा शाळेत जाणारा मुलगा असतो. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून आईला पाळीबद्दल किंवा अंगावरून पांढरे जाण्याबद्दल विचारले, तर ती काय उत्तर देणार? ती "काही नाही" म्हणते आणि तेच केसपेपरवर लिहिले जाते. अशा वेळी आशाताईंना किंवा बोली जाणणाऱ्या मावशींना बोलवावे, आणि बोलताना डॉक्टरने दुभाष्याकडे न पाहता बाईंकडे पाहावे. मुलांना हे सांगून कळत नाही. एकदा करून दाखवले की कळते.

क्षयरोगाबद्दलही लिहिते. साध्या क्षयरोगाचे उपचार सहा महिने चालतात, पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. पण काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते. त्यातच दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. म्हणून गोळ्या सुरू करतानाच "दिवाळीनंतर तुम्ही कुठे असाल?" हा प्रश्न विचारला पाहिजे आणि पुढच्या गोळ्या तेथे कशा मिळतील ते ठरवून दिले पाहिजे. "औषध मध्येच सोडू नका" हे वाक्य प्रत्येक इंटर्न म्हणतो. हा प्रश्न मात्र मी एखाद्याच्याच तोंडून ऐकला आहे.

उत्तर २ : सध्या इंटर्न

सर, मी तुमच्या महाविद्यालयातला नाही, पण तुम्ही वर्णन केलेला मुलगा मी असू शकलो असतो, म्हणून लिहितो आहे. माझे गाव साक्री तालुक्यात आहे. पहिल्या वर्षी वसतिगृहात माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची. "आहे"ऐवजी "शे" म्हटले की हशा पिकायचा. तेव्हापासून मी माझी बोली गावाच्या एसटी स्टँडवर उतरल्यावरच तोंडात आणतो. पांढरा कोट घातल्यावर अहिराणी बोललो तर रुग्णाला मी खरा डॉक्टर वाटणार नाही, अशी भीती मनात बसली होती, आणि ती भीती आहे हेसुद्धा मला अलीकडेच कळले.

ती गेली एका रात्रपाळीत. छातीत दुखते म्हणून आलेले एक बाबा माझ्या प्रत्येक प्रश्नाला फक्त मान हलवत होते. शेवटी न राहवून मी विचारले, "बाबा, काय व्हस तुमले?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि मग दुखणे कधी सुरू झाले, ते डाव्या हातात कसे उतरले, घाम कसा सुटला, हे सगळे न अडखळता सांगितले. ईसीजी काढायचा निर्णय त्या दोन मिनिटांत झाला.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो आमच्या एका वरिष्ठ निवासी डॉक्टर मॅडमचा. आठवड्यातून एकदा मी रुग्णाशी बोलत असताना त्या दहा मिनिटे मागे स्टुलावर बसायच्या, मध्ये एक शब्दही बोलायच्या नाहीत, आणि नंतर एकच गोष्ट सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "रिपोर्ट निगेटिव्ह आहे असं तू म्हणालास, तेव्हा त्या माणसाचा चेहरा पाहिलास का?" मी पाहिला नव्हता. त्याला वाटले होते की काहीतरी वाईट निघाले. तेव्हापासून मी "तपासणीत आजार सापडला नाही" असे पूर्ण वाक्य म्हणतो. साडेचार वर्षांच्या शिक्षणात मी रुग्णाशी बोलत असताना कोणी तरी लक्ष देऊन ऐकले, असे त्यापूर्वी घडले नव्हते.

उत्तर ३ : धुळे, खासगी व्यवसाय

वरील सर्वांच्या कळकळीबद्दल आदर आहे. तरीही वास्तव लिहिणे भाग आहे. शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी एका टेबलावर शंभराच्या वर केसपेपर येतात. प्रत्येकाकडून परत सांगून घ्यायचे ठरवले तर रांग संध्याकाळपर्यंत संपणार नाही, आणि शेवटच्या माणसाची गावाकडची बस चुकेल. इंटर्नला बोलायला शिकवण्याआधी टेबले आणि डॉक्टर वाढवावे लागतील. ते न करता संवादाचा सारा भार तेवीस वर्षांच्या मुलावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर ४ : निवृत्त शल्यचिकित्सक, जळगाव जिल्हा

डॉक्टरसाहेब, टेबले वाढली पाहिजेत याबद्दल माझे दुमत नाही. परंतु वेळ कोठे जातो हे मोजून पाहिले गेले आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणे तपासली, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत असल्याचे आढळले. आपल्याला वाटते की थांबवले नाही तर माणूस अर्धा तास बोलत राहील. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे बाह्यरुग्ण विभागातील ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिले, तेव्हा सरासरी ९२ सेकंदांत त्यांचे बोलणे संपले आणि ७८ टक्के रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो देश आणि ते रुग्णालय वेगळे, हे मान्य आहे. तरीही माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाशी तो जुळतो, कारण न समजलेले माणूस आठ दिवसांनी त्याच रांगेत पुन्हा उभे राहिलेले मी पाहिले आहे. शिवाय परत सांगून घेणे सर्वांसाठी लागत नाही. इन्सुलिन, रक्त पातळ करणारे औषध, फिट्सचे औषध, क्षयरोग आणि शस्त्रक्रियेनंतर घरी जाणारा रुग्ण, एवढ्यांपासून सुरुवात करावी.

आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवण्याची पद्धत सुरू केली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी टेबलामागून टेबल फिरत देण्याची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली, आणि तिच्यात अशा भूमिका करणाऱ्या रुग्णांना कायमची जागा मिळाली. आपल्याकडे ही परीक्षा आता घेतली जाते, परंतु भूमिका बहुधा दुसरा विद्यार्थीच करतो. त्याला वैद्यकीय शब्द आधीच कळत असतात, त्यामुळे तो अडत नाही, आणि अडला नाही तर परीक्षा कसली? माझी सूचना अशी की, ही भूमिका वॉर्डातील मावशींना, आशाताईंना किंवा बरे होऊन घरी गेलेल्या एखाद्या रुग्णाला मानधन देऊन करायला सांगावी. त्यांना एकच सूचना द्यावी : जे कळले नाही त्यावर मान हलवू नका.

बोलीच्या बाबतीत मी थोडा सावध आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाने ती वॉर्डात जरूर बोलावी, आणि शिक्षकांनी ते सर्वांसमोर नावाजावे. परंतु पुण्याहून किंवा लातूरहून आलेल्या विद्यार्थ्याने चार वाक्ये पाठ करून ती ओढून-ताणून म्हटली, तर आपली थट्टा चालली आहे असे रुग्णाला वाटू शकते. शिवाय खानदेशात एकच बोली नाही. रावेर-यावलकडे लेवा बोली ऐकू येते, शहाद्याकडे गुजर बोली, आणि सातपुड्याचे तर सिस्टरांनी सांगितलेच आहे. बाहेरून आलेल्याला बोली बोलता आली नाही तरी चालेल, ती ऐकून समजली पाहिजे. "छातीमा दुखस", "चक्कर येस" हे तर सोपे आहे. पण "कमजोरी" म्हणणाऱ्या माणसाला दम लागतो, भूक नाही, की झोप नाही, आणि "जीव घाबरतो" म्हणणाऱ्या बाईला धडधड होते की मळमळ, हे उलट विचारून घ्यायची सवय लावावी लागते.

शल्यचिकित्सक म्हणून संमतिपत्राचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती होय, आणि तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही. असे असूनही, ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाचा अंगठा घेताना मी इंटर्न पाहिले आहेत, आणि तरुणपणी मी स्वतः तसे केले आहे. त्यातील एक चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो. पोट उघडल्यावर आतड्याचे तोंड काही महिने पोटावर काढावे लागेल, हे त्या शेतकऱ्याला शुद्धीवर आल्यानंतर कळले. त्याची जखम भरली, परंतु तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

उत्तर ५ : शाळाशिक्षक, शहादा

मी डॉक्टर नाही, रुग्णाचा नातेवाईक म्हणून लिहितो. माझ्या बहिणीच्या पहिल्या मुलाला सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार निघाला. बहीण आणि मेहुणे दोघेही वाहक आहेत. त्यांना एका तरुण डॉक्टरांनी सांगितले की, दोघे वाहक असल्यामुळे आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणजे चारात एक. माहिती बरोबर होती. घरी येऊन दोघांनी हिशेब केला की, चारातले एक झाले, आता पुढची तीन मुले निरोगी होतील. दुसऱ्या खेपेस तपासणीला ते गेलेच नाहीत. दुसरे मूलही आजारी आहे.

नंतर एका समुपदेशक ताईंनी बहिणीच्या हातात दोन नाणी दिली. एक तिचे, एक मेहुण्यांचे. दोन्ही नाण्यांचा छापा वर आला तर मूल आजारी, एकाचाच आला तर मूल आईबापांसारखे वाहक, आणि दोन्ही काटे आले तर मूल पूर्ण निरोगी. दहा-बारा वेळा नाणी उडवून पाहिल्यावर बहिणीने स्वतःच म्हटले, "म्हणजे दर वेळी नव्यानं उडवायचं. मागचं मोजायचं नाही." मी गणित शिकवतो आणि हे मला आधी सुचले नाही, याची खंत आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हेही ताईंनी तेव्हाच सांगितले. तोपर्यंत बहीण स्वतःला रोगी समजत होती आणि दोष आपल्यातच आहे असे धरून चालली होती.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि आमच्या भागात तपासण्या होत आहेत, रंगीत कार्डे वाटली जात आहेत. ते कार्ड हातात देताना त्याचा अर्थ कसा सांगायचा, हे तुमच्या इंटर्न मुलांना शिकवाल तर आमच्यावर उपकार होतील.

तापीकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचे लिखाण मी आज सकाळी राउंडच्या आधी सगळ्या इंटर्नना वाचून दाखवले. नंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

विचारांती असे ठरवले आहे. दर आठवड्याला प्रत्येक इंटर्नच्या एका संभाषणाच्या वेळी मी किंवा निवासी डॉक्टर मागे बसू आणि नंतर एकच गोष्ट सांगू. परत सांगून घेण्याची सुरुवात इन्सुलिन आणि क्षयरोगाच्या रुग्णांपासून होईल. शिकवण्याचे काम आमच्या सिस्टर आणि मी मिळून करू, कारण चूक पकडली ती त्यांनी. धुळ्याच्या डॉक्टरसाहेबांचा मुद्दा मी सोडलेला नाही. सोमवारी दुसरे टेबल लावण्याची लेखी मागणी केली आहे.

त्या चोपड्याच्या बाई परवा तपासणीला आल्या होत्या. मी त्यांनाच विचारले की, आम्ही कसे सांगितले असते म्हणजे तुम्हाला नेमके कळले असते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "रात्री जेवल्यावर सकाळी रक्त देईपर्यंत तोंडात काहीच टाकू नका असं सांगा. चहा नको, उपासाचं नको, बिस्कीट नको. पाणी चालतं का ते पण सांगा, मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते." त्या वेळी बाजूला अमळनेरचा इंटर्न उभा होता. त्याने ते तसेच्या तसे लिहून घेतले आणि खाली अहिराणीतही लिहिले. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर आजवर "उपाशीपोटी" एवढाच शब्द छापलेला आहे. त्याजागी बाईंची वाक्ये घालण्याचा मजकूर तयार केला असून त्यात "रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास" आणि "साधे पाणी चालेल" ही दोन वाक्ये जोडली आहेत. छापायला देण्यापूर्वी पावरीत आणि भिलीत हे कसे म्हणावे, ते नंदुरबारच्या सिस्टरांनी कळवले तर त्या ओळीही घेता येतील.